कांबळे सरांची फायरवॉल

टेलिफोनच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. 'फोन बंद आहे' एवढंच सांगायला लोक येतात, पण आधी मुलीचं लग्न, मग सासूचा गुडघा, मग शेजाऱ्याचं भांडण आणि सगळ्यात शेवटी फोनचा नंबर! नगरला त्या खिडकीवर माझी निम्मी नोकरी गेली. तरी माझ्याजवळचे खास किस्से तिथले नाहीत. ते आमच्या सावेडी भागातल्या तीन घरांचे आहेत.

नव्वदचं दशक संपत आलेलं. इंटरनेट नगरला नुकतंच पोचलं होतं, तेही फोनच्या तारेतून, किंचाळत. आमच्या रांगेत पहिलं घर कांबळे सरांचं. सर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मधलं घर सलीमभाईंचं, ते रेडिओ-टीव्हीचे मेकॅनिक. शेवटचं माझं. सरांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घातली आणि गच्चीवरून केबल टाकून आमचे दोघांचे कॉम्प्युटर त्याला जोडले. फोन एक, इंटरनेट तीन घरांत! सर त्याला 'सर्व्हर' म्हणायचे. सरांची आई म्हणायची, 'ती पेटी'.

हे नियमात बसतं का, असं मला कुणी विचारलं नाही. मीही ऑफिसात कुणाला विचारलं नाही.

* * *

पहिल्याच आठवड्यात सरांची लाईन रोज तुटायला लागली. इंटरनेट सुरू झालं की पाच मिनिटांत फोन मेलेला! सरांनी फोनची तार कॉम्प्युटरला जोडणारा मोडेम उघडला, सलीमभाईंनी गच्चीवरची केबल तपासली. काही सापडेना.

चौथ्या दिवशी आमचा लाईनमन पोपटराव खिडकीवर आला. माणूस अगदी निष्ठावान, खांबावर चढला की काम संपल्याशिवाय उतरणार नाही.

"मॅडम, त्या कांबळे सरांच्या लाईनीत कोनतरी लई वरडतंय!"

"मग तुम्ही काय करता?"

"काय करनार? लाईन तोडतो, पुन्ना जोडतो. थोडा येळ गप बसतंय!"

मी त्याला सरांच्या घरी नेऊन तो किंचाळणारा मोडेम दाखवला. त्यानं तो आवाज शेवटपर्यंत, मान तिरकी करून ऐकला. पुढं त्याचा कान इतका तयार झाला, की खांबावरूनच ओरडून सांगायचा, "सर, आज काय खरं न्हाई! घसा बसलाय त्याचा!"

आणि खरंच, त्या दिवशी लाईन टिकायची नाही.

* * *

मग सरांनी सर्व्हरला शिकवलं, की कुठल्याही घरातून मागणी आली की तू आपण होऊन फोन लाव. तो फारच मनापासून शिकला. कुणी काही मागो न मागो, दर दोन मिनिटांनी फोन लावायला लागला. सर तेव्हा परीक्षेच्या कामात बुडालेले, त्यांच्या लक्षातच आलं नाही.

तीन दिवसांनी सकाळच्या एसटीनं सरांचा मेहुणा अकोले तालुक्यातल्या गावाहून दारात हजर. खांद्यावर तांदळाचं पोतं, चेहरा उतरलेला. दार वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, उघडलं.

"ताई, समदे बरे हायेत ना?"

"बरे आहेत की. का रे?"

"तीन दिस झाले, फोन सारका यंगेज. म्हनलं, एवडं लोक इचारपूस करतायत म्हंजे काय तरी वंगाळ झालं!"

वहिनींनी हसत हसत त्याला चहा दिला. तो कपाकडं बघत नुसताच बसून राहिला. सरांनी विचारलं, "आता काय झालं?"

"न्हाई दाजी, म्या गावात बी तसंच सांगितलं हुतं. मागून दोन जीपा येत्यात."

* * *

पुढचा किस्सा माझाच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिन्ही घरांचं इंटरनेट बंद पडलं. सरांनी दोनदा लिनक्स पुसून पुन्हा घातलं. सलीमभाई दुपारच्या उन्हात गच्चीवर केबल चाचपत होते. सर मला विचारायला आले, "तुमच्याकडे काही बदललंय का?"

"छे हो! मी फक्त साफसफाई केली."

त्या केबलच्या टोकाला एक छोटं चकचकीत बूच असतं. ते निघालं, की सगळ्याच घरांचं काम थांबतं. केबलचं टोक माझ्या घरात होतं. आणि ते बूच मी काढून, चिंच लावून घासून, काचेच्या कपाटात ठेवलं होतं!

सलीमभाईंनी ते उजेडात धरून बघितलं. म्हणाले, "मॅडम, सरांनी सांगायला पायजे होतं, की इंटरनेट घासायचं नसतंय!"

* * *

सलीमभाईंचा धाकटा भाऊ रफीक आखाती देशात कामाला होता. दीड महिना त्याचं पत्र नाही. फोन लावला तर तिथं त्याला बोलावून आणणारं कुणी नाही. त्यांच्या अम्मींनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. सलीमभाई दिवसातून चारदा मेल बघायचे आणि दुकानात परत जायचे.

एका दुपारी रफीकची मेल आली. कामावर पडून उजवा हात मोडला होता, म्हणून लिहिता येत नव्हतं. डाव्या हाताच्या एका बोटानं त्यानं पाच ओळी टाईप केल्या होत्या. सरांनी त्या छापून अम्मींच्या हातात दिल्या. अम्मींनी कागद उलटासुलटा केला.

"ये मेरे रफीक का लिखना नै है. ये तो मशीन का है."

सरांनी कागद घेतला आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. 'अम्मी, अब्बांचा रेडिओ मी फोडला होता, सलीमनं नाही.'

अम्मी एकदम रडायलाच लागल्या. मग पदरानं डोळे पुसून सलीमभाईंकडं वळल्या.

"और तू मार खाता रहा? बोलना नै था?"

"अम्मी, बोललो होतो की! तू ऐकलं नाहीस!"

* * *

शेवटी सरांनी फायरवॉल बसवली. बाहेरचं कुणी फोनच्या तारेतून आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरू नये, म्हणून. महिनाभर नियम लिहीत होते. बाहेरून कुणी जोडू पाहिलं, की त्याच्या पडद्यावर इंग्रजीत दरडावणी यायची: परवानगीशिवाय प्रवेश नाही.

आम्ही ओट्यावर बसलो होतो. सरांची आई शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "काय बसवलंस म्हनं?"

"भिंत आहे, आई. कोण आलंय ते बघायचं. ओळखीचा असला तर आत, नाहीतर बाहेर."

"का?"

"चोर असतात."

आईचे हात थांबले. "चोर हाय का न्हाई, ते दारातनं कसं कळतं रं?"

सरांनी तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलली.

"लई दारांशी हुबी राह्यलेय मी. आडवायचे ते आडवायचेच, वर पानी ओंजळीत लांबून वतायचे." तिनं पुन्हा एक शेंग फोडली. "चोराला आडव बाबा. त्याला माजी ना न्हाई. पन दारात आलेल्याशी आदी मानसावानी बोल."

सर उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी मला दुकानात बोलावलं, "मॅडम, जरा हे बघा!" त्यांनी तिथं दुरुस्तीला आलेल्या एका कॉम्प्युटरला मोडेम लावून दुकानाच्या फोनवरून सरांच्या सर्व्हरला जोडून बघितलं होतं. भिंत होती तशीच होती, नाव आणि पासवर्ड मागत होती. फक्त वरची दरडावणी गेली होती. तिच्या जागी इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, एक ओळ होती:

या. बसा. पाणी घ्या.