आण इकडे

माझ्या वहिनीला आमच्या शिवणखान्यातल्या बायका पाठीमागे ‘आण इकडे’ म्हणायच्या. मॅनेजर होऊन तिला दोनच महिने झाले होते. त्याआधी वीस वर्षं तिनं शर्टांच्या कॉलरी लावल्या, एकही वाकडी गेली नाही. मालक म्हणाले होते, "आता शिवू नका, शिवून घ्या." तिनं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येकीच्या मशीनपाशी हात पुढे करायला लागली, "आण इकडे."

त्या दिवशी चारशे शर्ट पाचच्या गाडीत चढायचे होते. नाही चढले तर बाहेरचा मॅनेजर आणीन, तुम्ही परत मशीनवर, असं मालकांनी सकाळीच सुनावलं होतं. मग काय, बाईच्या पायाला भिंगरी. घड्याळ बघ, शर्ट ओढ, उसव, स्वतः शिव. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मला तिची कीव येत होती आणि रागही.

दोनच्या सुमाराला मशीनांचा आवाज एकदम कमी झाला. बघते तर अकरा जणी अर्धवट शर्ट घेऊन तिच्या टेबलापुढे रांगेत उभ्या.

"अगं, कामाला बसा ना!" वहिनी ओरडली.

"तुम्ही उसवणारच. म्हटलं, तुम्हीच लावा," बाहीवाली म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "वहिनी, दोन हातांनी चारशे कॉलरी होणारेत का?"

तिचा चेहरा पडला. सगळ्यांदेखत नणंदेनं असं बोलावं! माझं मलाच वाईट वाटलं. पण तिनं कात्री खिशात टाकली. बाहीवालीला आणि मला कॉलरीवर बसवलं, दोघींना नुसत्या बटणांवर. मग हाताची घडी घालून मधोमध उभी राहिली. ओठ चावत होती, येरझारा घालत होती, पण हात पुढे केला नाही.

पाचला दहा कमी असताना शेवटचा गठ्ठा बांधायला घेतला. मालकांनी वरचा शर्ट उलगडला. कॉलर एका बाजूला उतरलेली. ती मीच लावलेली होती.

"ही कोणी लावली?"

"मी," वहिनी म्हणाली.

"तुम्ही? वीस वर्षांत पहिल्यांदाच!"

"हो. पाच मिनिटं द्या."

मालक गाडी थांबवायला बाहेर गेले. वहिनीनं खिशातली कात्री काढली. मी सवयीनं बाजूला सरकले, मशीन रिकामं केलं. तिनं शर्ट आणि कात्री माझ्याच हातात ठेवली.

"घे," म्हणाली.