'महाप्रलया'तले बाबा

या सदरातले अनुभव मी आजवर गंमत म्हणूनच वाचत आले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, आणि घरातही असल्या गोष्टींवर कुणाचा विश्वास नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

तीन वर्षांपूर्वी मी बी.ए.ला होते. दर रविवारी सकाळी नागपुरात, महालातल्या चितारओळीत, सरांकडे पेंटिंग शिकायला जायचे. सरांचं घराणं गणपतीच्या मूर्ती करणारं; सर मात्र कॅनव्हासकडे वळलेले. तेव्हा ते प्रदर्शनासाठी भिंतीएवढं 'महाप्रलय' रंगवत होते - कोराडीच्या वीजकेंद्रासारख्या उंच चिमण्या, काळ्या राखेचा पाऊस, वर आमच्या शाळेच्या चॅपलमधल्यासारखे तुतारी फुंकणारे देवदूत, खाली यमाचा रेडा, आणि मध्ये जीव घेऊन पळणारी माणसं. एकालाही डोळे नव्हते. मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे, हा घरचा नियम सरांनी इथेही पाळला होता.

गर्दीतला एक चेहरा त्यांनी मला दिला. मी बाबांचा काढला. चांगला जमला, आणि त्या भरात नियम विसरून मी डोळेही काढले... मिटलेले.

सरांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "जित्या माणसाचे डोळे मिटलेले काहून काढले वं?"

बाबा फार कडक. मी त्यांच्याशी नेहमी खाली मान घालूनच बोलायचे. शेवटी पुटपुटले की, ते कसे आहेत तेच आठवत नाही.

"बापाच्या डोळ्यांत कधी पाह्यलंच नाही का तू? घरी जाय, नीट पाहून ये. पुढच्या रविवारी उघडून टाक."

त्याच दुपारी बाबा जेवून झोपले, ते चहाला उठले नाहीत. आईने हलवलं, तोंडावर पाणी मारलं... श्वास नीट, नाडी नीट, पण डोळे मिटलेले. दवाखान्यात दोन दिवस तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू.

मंगळवारी सकाळी मी आईला विचारलं, बाबांचे डोळे कसे आहेत?

"तुले आता हे सुचून राहिलं?" ती रडतच म्हणाली. "घारे आहेत. डाव्यात तपकिरी ठिपका आहे, तिळाएवढा."

रिक्षा करून मी चितारओळीत गेले. सगळं ऐकून सर हसले नाहीत. मला नळावर हातपाय धुवायला लावले आणि ब्रश दिला. मिटलेल्या पापण्यांवर मी उघडे, घारे डोळे काढू लागले. दुसरा डोळा संपला तेव्हा साडेअकरा झाले होते.

दवाखान्यात परतले तर बाबा उशीला टेकून बसलेले! नर्स म्हणाली, साडेअकराला डोळे उघडले. मी आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

ठिपका उजव्या डोळ्यात होता.

समोरच्या माणसाचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. घाईत मी तो ठिपका माझ्या डाव्या हाताला येणाऱ्या, म्हणजे चित्रातल्या बाबांच्या उजव्या डोळ्यात दिला होता...

घरी आल्यावर आई बाबांकडे नुसती पाहत राहिली. "काय पाहून राहिली?" ते म्हणाले. "जन्मापासून तिथंच आहे तो." आई स्वयंपाकघरात गेली. बावीस वर्षं तिने तो डाव्या डोळ्यात पाहिला होता. फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट, त्यांत ठिपका दिसतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, असे ठिपके जागा बदलत नसतात. यापुढे मला काही कळलेलं नाही.

प्रदर्शनाआधी सरांनी मला विचारलं होतं, ठिपका योग्य जागी नेऊन देऊ का?

मी नको म्हटलं. बाबा रोज ऑफिसला जातात, माझ्यावर ओरडतात. त्या डोळ्यांना पुन्हा ब्रश लावू द्यायची माझी हिंमत नाही.