सरकलेली खूण
पेट्रोलचा वास आला की कळंबोलीतलं ते गॅरेज आठवतं. माझ्या जुन्या अमेरिकन गाडीत ठिणगी नेमकी कधी पडावी, हे म्हातारा मिस्त्री नुसत्या कानाने ठरवत होता. हा फसवतोय, असं वाटून मी सोबत नेलेली टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगी पडते त्याच क्षणी लुकलुकणारी बत्ती, इंजिनाच्या फिरत्या पुलीवर मारली. ठिणगीची वेळ दाखवणारी पुलीवरची खूण दोन बोटं चुकलेली! "अंदाजपंचे काम करता तुम्ही," मी सगळ्यांदेखत ओरडलो. त्याने इंजिन बंद केलं, प्लग काढून भोकात लांब स्क्रूड्रायव्हर सोडला आणि पान्याने इंजिन फिरवलं. स्क्रूड्रायव्हर उचलला जाऊन थांबला, म्हणजे पिस्टन पार वर आला; तेव्हा खूण शून्यावर यायला हवी होती, पण ती लांबच. "पुलीच्या आतला रबर सुटला हाय, शेठ. बाहेरचं कडं फिरून खूणच सरकलीय." माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून ती लाइटच तिथे विसरून आलो, मुद्दाम. अजून दर खेपेला तो शांतपणे विचारतो, "लाइट न्यायची हाय का?" त्याला सगळं कळलंय, असा मला दाट संशय आहे.