दोनशे अकरा दीर्घिका

राजाजीनगरात शिंपीकाम करणाऱ्या भगवंतरावांची लेक सुखदा पगार घेऊन दीर्घिका बघते, हे ऐकून लोक हसायचे. पण ते अगदी खरं होतं. दूरदेशीची दुर्बीण लाखो दीर्घिकांचा प्रकाश टिपायची, संगणक त्या प्रकाशातल्या रेघांवरून त्यांची अंतरं काढायचा, आणि तो जिथे अडखळेल तिथे बंगळुरात बसून सुखदा स्वतःच्या डोळ्यांनी तपासून ‘खात्रीची’ असा शेरा मारायची. बारा वर्षांत त्या शेऱ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

यंदाचा प्रश्न तर केवढा मोठा! विश्व वाढत्या वेगाने पसरतंय, पण का? रिकाम्या जागेलाच न बदलणारा रेटा आहे, की तो रेटा काळाबरोबर ओसरतोय? उत्तर तयार होतं, पण झाकलेलं. मनाजोगतं उत्तर यावं म्हणून कुणी गणित वाकवू नये, यासाठी आकड्यांत मुद्दाम एक गुप्त फरक मिसळून ठेवायची रीत होती. गुरुवारी तो फरक काढायचा, आणि त्यानंतर कशालाच हात लावायचा नाही. सुखदा इतकी हरखली होती की तिला जेवणसुद्धा सुचत नव्हतं.

बुधवारी दुपारी सहज जुने शेरे चाळताना तिला स्वतःचीच चूक दिसली. आपल्याच आकाशाच्या मंद उजेडाची रेघ तिने दीर्घिकेची समजली होती. एकदा नव्हे, दोनशे अकरा वेळा. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. सांगितलं, तर बारा वर्षांचं नाव मातीत.

संध्याकाळी तिने वडिलांपाशी मन मोकळं केलं. भगवंतरावांनी मशीन थांबवलं.

“कात्री लावली का गं?”

“उद्या लावणार, अण्णा.”

“मग आत्ता फोन कर. कापल्यावर सांगून काय उपयोग?”

तिने गटप्रमुख मेघाश्रीला फोन लावून सगळं सांगितलं.

“स्वल्प थांबू या, अक्का,” मेघाश्री कानडी वळणाने म्हणाली, आणि गुरुवारचं काम आठ दिवस पुढे गेलं. या कामातली जगभरची माणसं खोळंबली. सुखदाने मान वर न काढता तसाच घोळ झाला असू शकेल अशा तीन हजार दीर्घिका पुन्हा तपासल्या.

मग तो दिवस आला. आलेखाची रेघ सरळ आली, तर रेटा कायमचा; वाकली, तर ओसरणारा. मेघाश्रीने बटण दाबून गुप्त फरक काढला आणि रेघ वाकली! थोडीशीच, पण वाकली. हा योगायोगही असू शकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणाला खुर्चीत बसवेना.

पडद्यावरून परदेशातल्या एका प्राध्यापकांनी पहिली शंका काढली, “या दीर्घिका तपासल्या कुणी?”

सुखदाने मान खाली घातली.

“अक्कांनी,” मेघाश्री म्हणाली. “त्यांची चूक झाली तर त्या स्वतःच सांगतात.”

प्राध्यापकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.