केरबा वस्तादांचा पाळणा

हिंदुराव खोताचा डोळा लागतो आहे आणि लागत नाही. चैत्रातली दुपार, पोटात आमटी-भाकरी, अंगावर पंख्याचा गरम वारा, एवढं सगळं जमून आलं तरी झोप उंबऱ्यापर्यंत येते आणि माघारी वळते. तो या कुशीवर होतो, त्या कुशीवर होतो. खाट कुरकुरते. शेजारच्या खोलीतली त्याची पिठाची गिरणी आज बंद आहे, पण तिची घरघर त्याच्या डोक्यात चालूच आहे.

कारण उद्या हनुमान जयंती. उद्या दिवस उगवताना तालमीत पाळणा म्हणायचा आहे, आणि तो हिंदुरावानं म्हणायचा आहे.

ज्यांनी कुस्तीची तालीम आतून पाहिलेली नाही, त्यांना हे जरा सांगायला हवं. कागलकडच्या या गावात मारुतीचा जन्म तालमीतच साजरा होतो, आणि तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही असा जुना दंडक. मग जन्मलेल्या देवाला जोजवणार कोण? पैलवानच. मानेचा पत्ता नसलेले, दंडात बेडक्या नाचवणारे गडी लाल मातीच्या हौद्याभोवती गोळा होतात, एक जण पाळण्याची दोरी धरतो आणि वस्ताद गातात. इतकी वर्षं केरबा वस्ताद गात आले. आवाज असा, की म्हैस बिचकावी. त्यांनी स्वतःच जुळवलेला पाळणा तो. शेवटच्या कडव्यात अंजनी आपल्या लेकराला समजावते:

सूर्याला धरशील, हात पोळतील,
उड्डाण उद्याला, थांब जरा
दमलास बाळा, दमलास तू रे,
मातीच्या कुशीत नीज जरा

एवढं झालं, की तिथल्या एकाचंही नाक कोरडं राहत नसे. बाहेरच्या माणसाला वाटावं, यांना झालं तरी काय. पण त्यात नवल नव्हतं. वर्षाचे बाकी सगळे दिवस केरबा वस्ताद एकच शब्द बोलत: ऊठ. पडलास? ऊठ. खांदा निखळला? ऊठ. बाप वारला? तेरावं उरकलं असेल तर ऊठ आणि जोर काढ. 'दमलास' हा शब्द त्यांच्या तोंडून वर्षातून एकदाच यायचा, तोही देवासाठी. पण हौद्याभोवतीच्या प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्यालाच म्हटलं. एवढ्या थोराड गड्याला दमलास का म्हणून दुसरं विचारतं तरी कोण?

माघात वस्ताद गेले. मयतीला सगळी तालीम लोटली, खांदा द्यायला चढाओढ लागली, पण रडलं कुणीच नाही. रडायचं ते पाळण्याला, असा जणू रिवाजच पडून गेला होता. म्हणजे सगळे उद्याची वाट बघत आहेत. हिंदुराव वस्तादांचा थोरला पठ्ठा, म्हणून पाळणा त्याच्या गळ्यात पडला आहे. आणि त्याला तो म्हणता येत नाही. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं गिरणी चालू ठेवून सराव केला. सगळी कडवी नीट जातात. 'दमलास' आलं, की गळा बंद. तालमीचा कारभार बघणारा सर्जेराव म्हणाला, "जमत नसंल तर मोकळ्या मनानं सांग. स्पीकर लावू, पेनड्राइव्हवर पाळणे मिळत्यात." चहाच्या वेळेला तो उत्तर विचारायला येणार आहे. स्पीकरवर परकी बाई गाणार, आणि पठ्ठे कोरड्या डोळ्यांनी प्रसाद खाऊन घरी जाणार. हिंदुराव पुन्हा कूस बदलतो.

गिरणीतून कुणी जोर काढल्यासारखा हुंकार ऐकू येतो.

हिंदुराव उठतो. खाट कुरकुरत नाही. गिरणीत केरबा वस्ताद उभे आहेत. लंगोट, खांद्यावर टॉवेल, अंगभर लाल माती. मेलेल्या माणसाला बघून घाबरावं हे हिंदुरावाला सुचतच नाही. पिठाची पोती कशीबशी रचली आहेत, आता वस्ताद बोलणार, एवढीच त्याला धास्ती.

"हितं निजाय जागा हाय का रं?" वस्ताद विचारतात.

"तुम्ही निजणार, वस्ताद?"

"माघापास्नं हिंडतोय. पाठ टेकीन तितं टोचतंय काय तरी."

हिंदुराव पोतं चाचपतो तर ते पोतं नाही, एसटी स्टँडवरचा बाक आहे. स्टँडवर एकही गाडी नाही. फरशीवर गव्हाचं पीठ पसरलं आहे आणि खिडकीतला माणूस भोंग्यावरून गाड्यांऐवजी कुस्तीच्या जोड्या पुकारतो आहे. वस्ताद बाकावर बसतात, उठतात, पलीकडच्या बाकावर जातात.

"ह्यो बी न्हाई," म्हणतात आणि चालू लागतात.

हिंदुराव मागोमाग. पाय पिठात रुततात. विचारायचं ते आत्ताच विचारून घ्यावं, नाहीतर हे कुठल्यातरी गाडीत बसून जातील.

"वस्ताद, उद्याचं काय करू? त्या शब्दाला रडू येतंय."

"मग?"

"मग काय? आवाज बंद पडतोय. तुम्ही रडू कसं आवरत हुतासा, तेवढं सांगा."

"आवरत कोन हुतं?"

हिंदुराव जागीच थांबतो. "तुम्ही तर आमच्याकडं पाठ करून..."

"पाठ केलीती म्हणून तुमास्नी दिसलं न्हाई. नळ सुटल्यागत रडत हुतो मी. छाती भिजायची." वस्ताद टॉवेल झटकतात, त्यातून पीठ उडतं. "डाव टाकताना घाम येतोय न्हवं?"

"येतोय."

"मग घाम आला म्हणून डाव सोडतोस? पानी येतंय तर येऊ दे की. दम छातीत धर, गळ्यात धरू नगंस."

हिंदुरावाला राग येतो. खराखुरा, कानशिलं तापवणारा राग. "ह्ये जित्तेपणी का न्हाई सांगितलासा? आमी सगळी तुमच्या पाठीकडं बघत दात आवळून उभी ऱ्हायचो. डोळ्यात धूर गेला म्हणून सांगायचो एकमेकाला."

वस्ताद टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकतात. भोंगा गप्प झाला आहे.

"मला तरी कुटं कोन सांगितलं हुतं," ते म्हणतात.

आंबूस वास येतो. मातीत मुरवलेल्या ताकाचा, लिंबाचा, तेलाचा. तालमीच्या हौद्यातली माती नुकती खणून भुसभुशीत केलेली आहे. आढ्याला पाळणा टांगला आहे, त्यात कुणी नाही. वस्ताद मातीत उतरतात. उभ्या जन्मात ज्यांची पाठ कुणी मातीला लावली नाही, ते केरबा वस्ताद आपण होऊन उताणे पडतात. दोन्ही खांदे टेकतात. हिंदुरावाला मान फिरवावीशी वाटते. कुणी बघितलं तर?

"बघू दे," वस्ताद म्हणतात. हिंदुराव तर काही बोललाच नव्हता. "म्हण तू."

दोरी त्याच्या हातात आहे. पाळणा कडीवर कर्रर वाजतो. हिंदुराव म्हणू लागतो. पहिलं कडवं जातं, दुसरं जातं. सूर्य येतो, पोळलेले हात येतात, आणि तो शब्द येतो. गळा आवळायला लागतो. तो दम छातीत धरतो. डोळ्यांतून पाणी सुटतं, आणि आवाज चालूच राहतो. दमलास बाळा, दमलास तू रे. म्हणता म्हणता त्याला वस्तादांचे पाय दिसतात. भेगाळलेल्या टाचा, सुजलेले घोटे, एका म्हाताऱ्या माणसाचे पाय. इतकी वर्षं रोज या पायांना हात लावून तो हौद्यात उतरला, पण ते पाय त्यानं कधी पाहिलेच नव्हते. त्याला फार वाईट वाटतं. तो तीच ओळ पुन्हा म्हणतो. वस्तादांचा श्वास लांबतो. ते घोरायला लागतात.

"वस्ताद," तो हलकेच म्हणतो, "मी बी दमलोय वो."

"अवो, उठा की."

पंखा दिसतो. दारात शालन, त्याची बायको, उभी आहे. तिचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो.

"झोपंत गात हुतासा. मोठ्यानं."

"किती?"

"समदं. शेवटापतोर." ती पदराशी चाळा करते, त्याच्याकडे बघत नाही. "सर्जेराव भावजी कवाचं आल्यात. हाक मारली न्हाई त्येंनी. भाईरच ऐकत बसलं."

तिच्यामागे, बाहेर ओट्यावर सर्जेराव बसलेला दिसतो. शेजारी स्पीकरचा खोका, आणि तोंड टॉवेलात.

"गिरणीतलं पीठ गेलं रं डोळ्यात," तो टॉवेलातूनच म्हणतो.

"गिरणी बंद हाय," हिंदुराव म्हणतो. "आणि त्यो खोका माघारी ने."

सर्जेराव मान डोलावतो. उठत मात्र नाही.

हिंदुराव खाटेवर उठून बसतो. दोन्ही कानांना दडे बसले आहेत. पैलवानाचे कान ते, मातीत घासून मोडलेले, गाठी झालेले. त्यांच्या घड्यांत पाणी शिरलं की सहजी निघत नाही. तो मान एका बाजूला कलती करतो. झोपेत डोळ्यांतून कानात उतरलेलं कोमट पाणी मानेवर येतं आणि खांद्यावर ओघळतं. मग दुसऱ्या बाजूला. शालन पुढे होते, त्याचा खांदा पुसायला पदर उचलते.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणतो.