अधांतरी आवळलेले बोल्ट

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या दिवाकरने आयुष्यात एकदाच काम चुकवलं, आणि अख्ख्या पाऱ्याने, म्हणजे मोहल्ल्याने, नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. त्या चुकीत निम्मा वाटा माझा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाकर गाड्यांचा मिस्त्री. घराच्या पुढच्या पडवीतच त्याचं गॅरेज. राजधानी नव्या रायपुरात गेली, तिकडे रस्ते रुंद झाले आणि त्यांच्या कडेने काचेच्या दारांची गॅरेजं उभी राहिली. दिवाकरकडे उरल्या ओळखीपाळखीच्या जुन्या गाड्या. मी त्याचा शेजारी, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेला. दुपारी त्याच्यापुढे स्टूल टाकून बसायचं आणि फुकटचे सल्ले द्यायचे, एवढाच माझा उद्योग.

त्या नवरात्रात त्याचा चुलतभाऊ निरंजन आपली पिकअप घेऊन आला. तो नव्या रायपुरातल्या ऑफिसांना पाण्याचे जार पुरवायचा. पिकअप आपल्या छत्तीसगड राज्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि गंज असा की दार आपटलं की खाली लाल भुगा पडायचा. खड्डा आला की मागून नुसता खडखडाट. कमानीच्या, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, टोकांतले रबरी बुश पार झिजून गेले होते.

"दादा, ही चकाचक करून दे," निरंजन म्हणाला, "बाकीच्या दोन्ही गाड्या भी तुझ्याकडेच लावतो. हमेशा के लिए."

दिवाकरला आणखी काय पाहिजे होतं? तीन गाड्यांचं कायमचं काम मिळालं असतं तर गॅरेज जगलं असतं.

तीन दिवस तो त्या गंजाशी भांडला. बोल्ट जागचे हलेनात. रॉकेल पाजलं, गॅसने तापवलं, शेवटी दोन कापूनच काढले. नवे बुश बसेपर्यंत खंडेनवमी उजाडली आणि दुपारही झाली. मागची चाकं अजून जॅकवर अधांतरी होती.

दिवाकरचा एक नेम होता. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जमिनीवर उतरवून, तिचं वजन कमानीवर पडल्यावरच. गाडी वर टांगलेली असताना आवळले, तर उतरवताना आतलं रबर पिळलं जातं आणि पुढे फाटतं. हे त्याने मला शंभरदा ऐकवलं होतं.

पण आतून त्याची बायको, कुसुमवहिनी, हाका मारत होत्या. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं, मिस्त्रीच्या घरी बोल्ट आवळायचे पाने, पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. नैवेद्य निवत चालला होता.

"अहो, पाने आणता की नाही? पूजा काहून अडवून ठेवली?"

"गाडी उतरवून बोल्ट कसतो. अर्धा घंटा लागते," दिवाकर म्हणाला.

मला जेवायचं आमंत्रण होतं आणि पुरणाचा वास नाकात शिरला होता. मी म्हटलं, "आवळून टाक ना आताच. कोण पाहून राहिलं?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तसेच आवळले. पाने धुऊन पुसून पाटावर गेले. मी दोनदा पुरण मागून घेतलं.

दसऱ्याला सकाळीच, पाने अजून पाटावर असताना, निरंजन झेंडूची माळ घालून गाडी घेऊन गेला. "दोन दिवसांनी एकदा आणजो, पाहून देतो," दिवाकर एवढंच म्हणाला. का आणायची ते सांगितलं नाही. काम अर्धवट केलं हे धाकट्या भावासमोर कबूल करायला त्याची जीभ रेटली नाही. "मस्त चालून राहिली दादा, टेन्शन मत लो," म्हणत निरंजन गेला तो गेलाच.

संक्रांतीच्या सुमाराला बुश फाटले. निरंजन पडवीत उभा राहून सगळ्या पाऱ्याला ऐकू जाईल असा बोलला, "दादाचा हात गेला आता. तीन महिने भी नहीं चला." त्याच्या तिन्ही गाड्या काचेच्या गॅरेजात गेल्या. त्यांच्यामागे बाकीचेही एकेक गेले.

दिवाकरला सगळं सांगता आलं असतं. पण बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं, माझंही. त्याने घेतलं नाही. मी तिथेच स्टुलावर होतो, मी तरी तोंड उघडायचं! नाही उघडलं. मला माझी लाज वाटते, आणि दिवाकरचाही राग येतो. इतकं काय गप्प बसायचं माणसाने?

पुढे एका दुपारी चहा देताना वहिनी म्हणाल्या, "यशवंतराव, तुम्हीच समजवा यांना. हातात जोर राहिला नाही, मग काहून करून राहिले हे काम?"

दिवाकरने माझ्याकडे पाहिलं, नवमीला पाहिलं होतं तसंच.

मी म्हटलं, "हव वहिनी, आराम करायला पाहिजे त्याने आता."

पुढच्या खंडेनवमीला मी जेवायला गेलो. पाटावर विळी होती, कात्री होती. वहिनींनी हाक मारली, "अहो, पाने आणा ना!"

"विकले," दिवाकर म्हणाला. "भंगारवाल्याले देऊन टाकले." मग माझ्यासाठी स्वतः पाट मांडला. "बसा यशवंतराव. आज पूजेले उशीर नाही."