कालव्यातले पन्नास मीटर

आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांना पोहता येत नव्हतं. ते काही लपवायचे नाहीत. "गाडीच्या मालकाला गाडी चालवता येती का?" असं विचारून समोरच्याचं तोंड बंद करायचे. पोहणं त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं आणि तेवढ्या भांडवलावर ते मला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये राज्यापर्यंत न्यायला निघाले होते. कबड्डीत तालुक्यातच डोकी फुटतात, पोहायला मात्र आख्ख्या जिल्ह्यातून पोरी येत नाहीत, हा त्यांचा अभ्यास होता. तेवढा एक अभ्यास खरा निघाला.

मला राज्यबिज्य काही नको होतं. मला क्रीडा वसतिगृह हवं होतं. सोनपेठच्या बाजूच्या आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, त्यात आमचंही. आई-बापू फडात, आणि कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायला, पाणी भरायला, लहान भावाला सांभाळायला थोरली पोरगी. थोरली मी, माझ्या पाठची एक बहीण. दोन हंगाम माझी शाळा दिवाळीला सुटली ती थेट उन्हाळ्यातच दिसली. सर म्हणाले, वसतिगृहात निवड झाली आणि दरवर्षीच्या चाचणीत टिकलं की बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं तिथंच. त्या दिवसापासून सर सांगतील ते करायला मी तयार होते. बुड म्हणाले असते तर तेही केलं असतं.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली म्हणून कालव्याला पाणी सुटलं होतं. मोरीपासून, म्हणजे कालव्यावरच्या छोट्या पुलापासून, धुणं धुवायच्या दगडांपर्यंत सरांनी कबड्डीचं मैदान आखायच्या टेपनं पन्नास मीटर मोजले. मी मोरीवरून उडी मारायची, दगडाला हात लावायचा, आणि सर काठाकाठानं शिट्टी वाजवत धावायचे. त्यांचं डावपेचांचं भांडार मोठं होतं. "मुंडी वर काढायची न्हाई!" आम्ही कालव्यातली पोरं मुंडी वरच ठेवतो, कारण समोरून बाभळीची फांदी येतेय की साप, हे कळायला हवं. "श्वास घेतला की हारलीस!" हे दुसरं. धुणं धुणाऱ्या बायकांना हे सगळं नवीन होतं. "आगं, पालथी पडून काय करायलीस? मेल्यावानी दिसायलीस की," एकजण म्हणाली, आणि बाकीच्यांनी धुणं सोडून हसून घेतलं. पण वेळ अशी यायची की सर मोबाइल कानाला लावून बघायचे, बंद पडलाय का म्हणून. राष्ट्रीय विक्रमाला मी रोज संध्याकाळी हात लावून येत होते. गावात फ्लेक्स लागला. त्यावर सरपंच होते, सरपंचांचे भाऊ होते, सर गॉगल लावून होते, आणि खाली कोपऱ्यात आधार कार्डावरचा फोटो होता, तो माझा.

मग परभणीला जिल्ह्याची स्पर्धा झाली. माझ्या गटात मी एकटीच. पंचांनी शिट्टी वाजवली, मी उडी मारली आणि जिवाच्या आकांतानं हात मारायला लागले. पण भिंत येईचना. कालव्यात दगड कसा धावत समोर यायचा. इथं मीच जायचं होतं. मी पहिली आले, दुसरं कोणी नव्हतंच. सरांनी वेळ बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"इथलं पाणी जड हाय," परत येताना एसटीत ते म्हणाले. "औषध टाकतेत ना त्याच्यात."

मला राग आला. वसतिगृहाची चाचणी महिन्यावर आली होती आणि हा माणूस पाण्याचं वजन करत बसला होता. मी म्हटलं, "सर, औषध राहू द्या. कालवा वाहतो. आपण रोज वाहत्या पाण्याच्या अंगानं पोहलोय."

  दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला सरांनी आपली नवी पद्धत जाहीर केली: प्रवाहाच्या विरोधात सराव! टाळ्याही वाजल्या.

म्हशीचं दावं माझ्या कमरेला आणि दुसरं टोक बाभळीला. दगडाकडे पाय, मोरीकडे डोकं. जोर लावला तर मी जागच्या जागी, जरा हात ढिला पडला की दावं ताणून पोटात रुतायचं. "बरं झालं, बांधून घातली पोरगी," बायका म्हणाल्या. मोरी कधी जवळ आली नाही, पण खांदे भरले, आणि लांब हात टाकून पाणी मांडीपर्यंत ढकलायचं हे माझं मलाच कळलं. श्वासाचंही मी सरांचं ऐकणं सोडलं. पन्नास मीटरमध्ये तीनदा घ्यायचा, आणि शेवटच्या टप्प्यात मुळीच नाही, हे मी ठरवलं.

चाचणीला शहरातल्या पोरी टोप्या आणि चष्मे लावून आल्या होत्या. मी तिसरी आले. निवड चौघींची होती. सर मला सोडून पंचांनाच मिठी मारायला धावले, आणि आजही ते कुठं भाषणाला गेले की प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा त्यांचा सिद्धांत सांगतात. सांगोत बापडे.

मी घरी आले तेव्हा आई ट्रॅक्टरमध्ये घालायचं सामान बांधत होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि धाकट्या बहिणीचं दप्तर उचलून फळीवर ठेवलं. धाकटी सातवीत होती, अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. चूल ठेवायची कुठं, पीठ किती घ्यायचं, भाऊ रडला की काय करायचं, हे आई तिला सांगत होती आणि ती मान हलवत होती. महिनाभर मी दाव्याला बांधून घेऊन हात मारले, पण हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कोणाच्याच आलं नव्हतं, असंही नाही. आईला ठाऊक होतं, म्हणूनच ती बोलली नाही.

वसतिगृहात मी सुखात होते. खोटं कशाला बोलू? पोटभर जेवण, स्वतःची गादी, सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पाणी. पौषात एकदा बापूंच्या फोनवरून धाकटीचा फोन आला. मागं भाऊ रडत होता.

"अक्का, जेवायला काय देतेत?"

"अंडी. केळी. दूध."

"रोज?"

"रोज."

 हाताला फोड आलेत, तव्याचा चटका बसला, असं काहीबाही तिनं सांगितलं. मग म्हणाली, "अक्का, पुढच्या साली पुन्हा पवायला लावतेत का गं तुमाला, ठेवायचं का न्हाई ते बघायला?"

"हो. दरवर्षी."

"मग पुढच्या साली हारून ये."

मी हसले. ती हसली नव्हती.